तृतीय पुरुषातील नट : हॅरी डीन स्टँटन

पात्र म्हणजे व्यक्ती नसून कथनातील कार्यांचा पुंज होय, ही संरचनावादी भूमिका मराठी समीक्षेला आता नवी राहिलेली नाही. व्लादिमिर प्रॉपने १९२८ साली रशियन परीकथांची रूपमीमांसा करताना ३१ कार्ये आणि ती वाहून नेणारी ७ कार्यक्षेत्रे निश्चित केली. ग्रेमासने तोच विचार पुढे अधिक अमूर्त पातळीवर नेला. या मांडणीत 'सहायक' हे एक स्थान असते. ते कोण भरतो याला महत्त्व नसते. म्हातारी, घोडा, अंगठी, कोणीही ते भरू शकते. छापील संहितेच्या संदर्भात ही निर्व्यक्तिकता पुष्कळ फलदायी ठरली आहे. चित्रपटाच्या संदर्भात मात्र तिच्यापुढे एक हट्टी अडचण उभी राहते. चित्रपटातील कार्य शरीर धारण करूनच अवतरते, आणि त्या शरीराला चेहरा असतो, वय असते, शिवाय त्याच चेहऱ्याने अन्यत्र बजावलेल्या अनेक कार्यांची अंधूक स्मृती प्रेक्षकापाशी असते. ही स्मृती पटकथेत कोठेही लिहिलेली नसते. तरीही अर्थनिर्मितीत तिचा वाटा असतो, आणि कधीकधी तो नायकाच्या वाट्यापेक्षा टिकाऊ ठरतो.

हॅरी डीन स्टँटन (१९२६–२०१७) या अमेरिकन नटाची कारकीर्द या अडचणीचे जवळजवळ शुद्ध उदाहरण आहे. अशा नटाला मराठीत 'चरित्र अभिनेता' म्हणण्याचा प्रघात आहे. इंग्रजी संज्ञेतील 'कॅरॅक्टर'चे हे भाषांतर शब्दशः चुकलेलेच आहे. पण कधीकधी चुकीचे भाषांतर मूळ संज्ञेपेक्षा अधिक सांगून जाते, तसे येथे झाले आहे. ज्याला पडद्यावर स्वतःचे चरित्र कधीच मिळत नाही, इतरांच्या चरित्रात दोन-चार प्रसंगांपुरता जो येऊन जातो, त्यालाच 'चरित्र' हे विशेषण लागावे, यात एक उपरोध आहे. स्टँटनच्या साठ वर्षांच्या कामाकडे या उपरोधाच्या अंगाने पाहता येते.

चरित्राचा तपशील थोडक्यात असा. केंटकी राज्यातील वेस्ट अर्विन या गावी जन्म. वडील तंबाखूची शेती करीत आणि केशकर्तनाचा व्यवसायही करीत. दुसऱ्या महायुद्धात नौदलात भरती होऊन स्टँटनने ओकिनावाच्या मोहिमेतील एका जहाजावर आचाऱ्याचे काम केले. परतल्यावर केंटकी विद्यापीठात वृत्तविद्या व नभोवाणी यांचा अभ्यास आणि तेथील रंगमंचावर शॉचे 'पिग्मॅलियन'. मग शिक्षण अर्धवट सोडून कॅलिफोर्नियातील पॅसाडीना प्लेहाउस ही नाट्यशाळा. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून दूरचित्रवाणीवरील आणि चित्रपटांतील पश्चिमपटांत तो दिसू लागला. 'गनस्मोक', 'रॉहाइड' अशा मालिकांत त्याने दरोडेखोर, साथीदार, गोळी लागून पडणारा तिसरा माणूस रंगवला. हॅरी स्टँटन नावाचा दुसरा एक नट तेव्हा हयात असल्याने श्रेयनामावलीत त्याला कित्येक वर्षे 'डीन स्टँटन' एवढेच नाव लावावे लागले. स्वतःच्या पूर्ण नावासाठीही ताटकळावे लागलेल्या या नटाची भूमिकांची यादी पुढे सुमारे शंभर चित्रपटांपर्यंत गेली. 'कूल हँड ल्यूक' (१९६७) मधील गाणी म्हणणारा कैदी, 'टू-लेन ब्लॅकटॉप' (१९७१) मधील वाटेत गाडीत बसलेला एकाकी प्रवासी, 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात (१९७४) साक्षीदारावर पहारा ठेवणारा सरकारी गुप्तचर, अशा त्या भूमिका आहेत. ऑस्करसाठी त्याचे नाव एकदाही सुचवले गेले नाही. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मात्र एक विनोदी नियम मांडला होता : ज्या चित्रपटात स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श दुय्यम भूमिकेत आहे तो सर्वस्वी वाईट असूच शकत नाही. नियमाला अपवाद सापडल्याची कबुली पुढे ईबर्ट यांनीच दिली. तरी त्या विनोदात एक सैद्धांतिक विधान दडलेले आहे : चित्रपटाचे मूल्य केंद्रात निर्माण होते असे गृहीत धरले जाते, हा नियम ते परिघावर शोधतो.

स्टँटनविषयीच्या लेखनात एक वाक्य हमखास येते, ते असे की तो अभिनय करीत नाही, तो केवळ स्वतः असतो. हे वाक्य गौरवाचे असले तरी समीक्षेच्या दृष्टीने ते घातक आहे. कारण त्यामुळे एका कमावलेल्या पद्धतीला निसर्गदत्त व्यक्तिमत्त्वाचे रूप मिळते आणि विश्लेषणाचे दार तेथेच बंद होते. या दंतकथेचा उगम बहुधा एका प्रसंगात आहे. मॉन्टी हेलमन दिग्दर्शित 'राइड इन द व्हर्लविंड' (१९६६) या पश्चिमपटाची पटकथा जॅक निकल्सनची होती आणि त्यातील एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या टोळीप्रमुखाची भूमिका त्याने आपला मित्र स्टँटन याला दिली. देताना सल्ला दिला तो असा, की काही करू नकोस, अभिनय वेशभूषेला करू दे. हा सल्ला आपल्या कारकिर्दीतील वळण ठरला, असे स्टँटन पुढे सांगत असे.

नाट्यशास्त्राच्या परिभाषेशी परिचित असलेल्या वाचकाला येथे थांबावेसे वाटेल. आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य या चतुर्विध अभिनयापैकी आहार्य, म्हणजे वेशभूषा व नेपथ्य यांचा अभिनय, हा बाह्य मानला जातो. निकल्सनचा सल्ला अभिनयाचा सगळा भार या बाह्य अंगावर टाकायला सांगतो. ही तुलना दोन परंपरांचे साम्य दाखवण्यासाठी केलेली नाही, कारण तसे साम्य नाही. ती एक प्रश्न नेमका करण्यासाठी आहे. आहार्यावर भार टाकल्यावर नटापाशी काय उरते? टोळीप्रमुखपणा पट्टीने आणि टोपीने सांगून टाकलेला असतो. तो पुन्हा वाचेने वा अंगविक्षेपाने सांगण्याची गरज संपते. मग नट मोकळा होतो तो समोरच्याकडे पाहायला आणि त्याचे ऐकायला. स्टँटनच्या भूमिका या दृष्टीने पुन्हा पाहिल्या तर 'तो काही करीत नाही' या समजुतीचे खरे स्वरूप उघड होते. तो सतत एक गोष्ट करीत असतो : ऐकत असतो. डोळे खोल गेलेले, गाल बसलेले, मान किंचित पुढे आणि समोरच्या माणसाचे वाक्य संपल्यावरही काही क्षण तेथेच रेंगाळणारी नजर. दृश्याचा वक्ता दुसरा असतो; हा त्या दृश्याचा साक्षी असतो.

रिडली स्कॉटच्या 'एलियन' (१९७९) मधील ब्रेट हे याचे सर्वपरिचित उदाहरण. अंतराळातील मालवाहू जहाजावरचा हा कनिष्ठ तंत्रज्ञ. त्याच्या वाट्याला संवाद असा जवळजवळ नाहीच. पार्कर (याफेट कोटो) काही बोलला की 'राइट' म्हणायचे, एवढेच. तू नेहमी 'राइट'च म्हणतोस असे रिप्ली त्याला हिणवते, तेव्हाही त्याचे उत्तर 'राइट' हेच असते. येथे वाचिक अभिनय एका शब्दापर्यंत आटला आहे, आणि तो शब्दही स्वतःचा नाही, दुसऱ्याच्या वाक्याला दिलेला होकार आहे. पुढे मांजर शोधत तो यंत्रांच्या उंच दालनात जातो. वरून साखळ्यांवरून पाणी ठिबकते आहे; तो टोपी काढतो, तोंड वर करतो आणि ते पाणी चेहऱ्यावर घेतो. कथानकाच्या दृष्टीने हा केवळ विलंब आहे, कारण पुढच्या मिनिटाला ब्रेट मरणार आहे. पण प्रौढ प्राण्याच्या या पहिल्या बळीला मरण्यापूर्वी स्वतःसाठी मिळालेला हा एकमेव क्षण आहे. रिडली स्कॉटने तो दिला, आणि स्टँटनने त्यात काहीही न घालता तो घेतला.

उलू ग्रोसबार्डच्या 'स्ट्रेट टाइम' (१९७८) मध्ये हीच पद्धत वेगळा अर्थ निर्माण करते. तुरुंगातून सुटलेला मॅक्स (डस्टिन हॉफमन) आपल्या जुन्या साथीदाराकडे येतो. जेरी आता सुखवस्तू आहे. घर आहे, पोहण्याचा तलाव आहे, प्रेमळ पत्नी आहे, अंगणात मांस भाजणे चालू आहे. पत्नी आत जाते आणि जेरी मॅक्सला सांगतो की मला येथून बाहेर काढ. संस्कृत नाट्यविचारात पताका आणि प्रकरी असा भेद केलेला आहे. मुख्य कथेबरोबर दूरवर चालणारी ती पताका; एका भागापुरती येणारी आणि जिच्या कर्त्याला स्वतःचे वेगळे फल नसते ती प्रकरी. जेरीची कथा प्रकरीच आहे, मॅक्सच्या दरोड्यासाठी एक माणूस पुरवणे हे तिचे कार्य आहे. पण स्टँटन ते वाक्य ज्या सपाट, घाईच्या स्वरात उच्चारतो त्यामुळे फल नसलेल्या या प्रकरीत एक न लिहिलेली कादंबरी डोकावते. त्या घरातील इतक्या वर्षांचा मुकाट कंटाळा प्रेक्षकाला दाखवला जात नाही. तो त्या एका वाक्यामागे असल्याची खात्री मात्र पटते. फॉर्स्टरने १९२७ साली केलेले चपटी आणि गोल पात्रे हे वर्गीकरण अशा ठिकाणी निरुपयोगी होते. जेरी चपटा आहे, कारण त्याला एकच इच्छा आहे. पण त्या इच्छेला पाठीमागची बाजू आहे.

परिघावरचा असा नट केंद्रात आणला तर काय होईल, हा प्रश्न मग अटळच होता. १९८३ साली सँटा फे येथील एका मद्यगृहात स्टँटनने नाटककार सॅम शेपर्डपाशी आपल्या भूमिकांविषयीचा कंटाळा बोलून दाखवला आणि काही सौंदर्य, काही हळवेपण असलेले काम करण्याची इच्छा व्यक्त केली. त्यातून 'पॅरिस, टेक्सस' (१९८४) मधील ट्रॅव्हिसची भूमिका आली. दिग्दर्शक विम वेंडर्स. पटकथा शेपर्डची, रूपांतर एल. एम. किट कार्सन यांचे. छायालेखन रॉबी म्यूलर, संगीत राय कूडर. कान महोत्सवात त्या वर्षी चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. स्टँटन तेव्हा सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा होता.

पटकथेने केलेली पहिली गोष्ट म्हणजे नायकाची वाचा काढून घेतली. लाल टोपी, धुळकटलेला सूट आणि हातात पाण्याचा प्लास्टिकचा डबा घेऊन एक माणूस वाळवंटातून चालत येतो, पाण्याचा शेवटचा घोट पितो, एका दुकानात शिरून बर्फ तोंडात टाकतो आणि कोसळतो. पहिली सुमारे पंचवीस मिनिटे तो एक शब्दही बोलत नाही. भाऊ वॉल्ट (डीन स्टॉकवेल) बोलतो, विनवतो, चिडतो, हा ऐकतो. म्हणजे नायकाच्या स्थानावर बसवूनही स्टँटनला त्याचे जुनेच काम दिलेले आहे. चित्रपटाचा खरा धाडसीपणा येथे आहे. परिघावरच्या नटाला नायक बनवताना त्याला नायकाचे व्याकरण दिलेले नाही. परिघाचे व्याकरणच केंद्रात आणून ठेवले आहे.

त्या व्याकरणाची परिणती ह्यूस्टनमधील काचेच्या खोलीच्या प्रसंगात होते. ट्रॅव्हिसची पत्नी जेन (नास्तासिया किन्स्की) अशा ठिकाणी काम करते जेथे गिऱ्हाईक अंधाऱ्या कप्प्यातून तिला पाहू शकते आणि दूरध्वनीवर तिच्याशी बोलू शकते; तिला मात्र काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसते. पहिल्या भेटीत ट्रॅव्हिसला बोलणे जमत नाही. दुसऱ्या भेटीत तो खुर्ची वळवतो, तिच्याकडे पाठ करून बसतो आणि एक गोष्ट सांगू लागतो. आपल्या ओळखीच्या दोन माणसांची गोष्ट. पुरुष वयाने पुष्कळ मोठा, मुलगी फार तरुण. प्रेम, मग संशय, मद्य, क्रौर्य. ती रात्री पळून जाऊ नये म्हणून तिच्या घोट्याला बांधलेली गुरांची घंटा. घंटेचा आवाज होऊ नये म्हणून तिने आत कोंबलेला मोजा. मग तिला चुलीला बांधून ठेवणे. आणि शेवटी आग. सगळे निवेदन तृतीय पुरुषात आहे. ही केवळ पटकथेतील युक्ती म्हणून सोडून देता येत नाही. निवेदक आणि नायक एकच असताना निवेदनाचा पुरुष बदलणे म्हणजे आपल्याच चरित्रात स्वतःला दुय्यम पात्राचे स्थान देणे होय. तीस वर्षे इतरांच्या कथांत साक्षी म्हणून उभा राहिलेला नट येथे स्वतःच्या कथेपाशी साक्षी म्हणून उभा राहतो. अन्य कोणत्याही नटाच्या तोंडी 'तो' हे सर्वनाम एक आडोसा वाटले असते. स्टँटनच्या तोंडी ते त्याच्या मातृभाषेतील सर्वनाम वाटते.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो टाळून चालणार नाही. ही हिंसक नवऱ्याची कबुली आहे. ती स्त्रीला, बंदिस्त पेटीत बसून, पुरुषाच्या स्वरातून ऐकावी लागते. तृतीय पुरुषाचा वापर म्हणजे कर्त्याने कृतीपासून अंग काढून घेणे. आणि स्टँटनचा थकलेला, मृदू चेहरा त्या हिंसेवर करुणेचा लेप देतो. या आक्षेपात तथ्य आहे. चित्रपटातील सौंदर्याचा मोह, विशेषतः म्यूलरचे रंग आणि कूडरची गिटार, प्रेक्षकाला दोषमुक्तीच्या दिशेने ढकलतो हे नाकारता येत नाही. परंतु नटाच्या कामाविषयी तेच म्हणता येईल का? स्टँटन गोष्ट सांगताना कोठेही याचना करीत नाही. घंटा आणि आग, दोन्ही तपशील एकाच संथ लयीत येतात. आवाज कापत नाही, क्षमा मागण्याचा एकही स्वर उमटत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रसंगाची रचना त्या सर्वनामाला टिकू देत नाही. जेन ओळखते, नाव उच्चारते. मग तो तिला तिच्या खोलीतील दिवा मालवायला सांगतो आणि आपल्याकडचा दिवा स्वतःच्या चेहऱ्यावर वळवतो, म्हणजे आता पाहणारी ती आणि दिसणारा तो. 'तो' म्हणून सांगितलेल्या माणसाला चेहरा देण्याचे काम येथे पूर्ण होते, आणि चेहरा देणारा नट तो उजेड सहन करण्यापलीकडे काही करीत नाही. त्यानंतर पाठ करून बसण्याची आणि बोलण्याची पाळी जेनची असते, आणि ट्रॅव्हिस पुन्हा आपल्या मूळ कामाकडे, ऐकण्याकडे, परततो. माय-लेकरांची भेट घडवून तो त्या भेटीत थांबत नाही. प्रॉपच्या कोष्टकात बसवायचे तर तो अखेर सहायकच ठरतो. नायकपद त्याने मुलाला आणि आईला देऊन टाकलेले असते.

'पॅरिस, टेक्सस'नंतर स्टँटन नायक म्हणून स्थिरावला नाही. त्याच वर्षीच्या 'रेपो मॅन'मधील गाडीजप्ती करणारा, आपल्या धंद्याच्या नीतिनियमांवर प्रवचने देणारा बड ही भूमिका त्याच्या यादीत अपवाद म्हणावी इतकी बोलकी आहे. स्कॉर्सेझीच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट' (१९८८) मधील पॉलही वक्ताच आहे. अशा वाचाळ भूमिका तो चोख करतो, पण त्यांत तो इतर चांगल्या नटांसारखा एक चांगला नट वाटतो.

डेव्हिड लिंचच्या 'द स्ट्रेट स्टोरी' (१९९९) ने मात्र त्याची जागा नेमकी हेरली. आयोवातील लॉरेन्स येथून विस्कॉन्सिनपर्यंत गवत कापण्याच्या यंत्रावर बसून आल्विन (रिचर्ड फार्न्सवर्थ) आपल्या आजारी भावाला भेटायला निघतो. दोघांचा अबोला कित्येक वर्षांचा आहे. जवळजवळ दोन तासांचे सारे कथन ज्याच्या दिशेने सरकते तो लाइल शेवटच्या काही मिनिटांतच दिसतो, आणि ती भूमिका स्टँटनची आहे. तो भावाकडे पाहतो, मग त्या यंत्राकडे पाहतो, हा एवढ्यावरून आपल्यासाठी आला का असे विचारतो, आणि त्याचे डोळे भरून येतात. अश्रू हा सात्त्विक भाव खरा. पण त्याला जागा मिळावी म्हणून वाचिक आणि आंगिक अभिनय येथे जवळपास पुसून टाकलेले आहेत. आल्विनचा संपूर्ण प्रवास त्या एका नजरेत वाचला जातो. कथेचा वाचक कथेच्याच आत, तिच्या अखेरच्या पानावर बसवलेला आहे.

शेवटचा नायकपट 'लकी' (२०१७). स्टँटनच्या मृत्यूनंतर दोन आठवड्यांनी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जॉन कॅरॉल लिंच हा स्वतः एक चरित्र अभिनेता. 'लकी'चे पात्र स्टँटनच्या आयुष्यावरच बेतलेले. नव्वदीचा, निरीश्वरवादी, सिगारेटी ओढणारा, शब्दकोडी सोडवणारा, नौदलात आचारी असलेला म्हातारा. या चित्रपटाचे कौतुक बहुतेकांनी 'तो स्वतःच होता' या शब्दांत केले. नेमकी तीच त्याची मर्यादा आहे. दंतकथा येथे पटकथा झाली आहे. प्रत्येक दुय्यम पात्र लकीभोवती गोळा होऊन त्याला बोलते करते. हरवलेल्या कासवाविषयीचे हॉवर्डचे (डेव्हिड लिंच) मनोगतही अखेरीस लकीच्या मरणचिंतनाची तयारी ठरते. ज्याची सगळी ताकद दुसऱ्याला ऐकण्यात होती त्याला प्रथम पुरुषात बसवले, तेव्हा ऐकण्यासाठी फारसे कोणी उरले नाही. मद्यगृहात तो सर्व नाहीसे होणार असल्याचे आणि त्यावर हसण्याखेरीज उपाय नसल्याचे सांगतो तो प्रसंग लेखनाने सजवलेला आहे, आणि त्याची सजावट दिसते. याउलट एका मुलाच्या वाढदिवसाला जमलेल्या मेक्सिकन मंडळींत तो अकस्मात स्पॅनिश गाणे म्हणू लागतो ते दृश्य खरे उतरते. कारण तेथे तो पाहुणा आहे, घर दुसऱ्याचे, भाषा दुसऱ्याची. त्याच चित्रपटात टॉम स्केरिट, म्हणजे 'एलियन'मधील जहाजाचा कप्तान, युद्धातील एक आठवण सांगतो आणि स्टँटन समोर बसून ती ऐकतो. त्या दोन-तीन मिनिटांत 'लकी' एकदम उंची गाठतो.

त्याच २०१७ साली 'ट्विन पीक्स'च्या नव्या मालिकेच्या सहाव्या भागात स्टँटनचा कार्ल रॉड बागेतल्या बाकावर बसलेला आहे. समोर एक आई आणि तिचा लहान मुलगा खेळत रस्त्यापर्यंत जातात. भरधाव ट्रक येतो, मुलगा ठार होतो, लोक जागच्या जागी गोठून उभे राहतात. कार्ल उठतो. मुलाच्या देहातून एक पिवळसर ज्योत वर जाताना त्याला दिसते. नजर तिच्यामागे वर जाते, मग खाली येते. नंतर तो चालत रस्त्यावर बसलेल्या त्या आईपाशी जातो, तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि तिच्या डोळ्यांत पाहत राहतो. या प्रसंगात त्याला संवाद नाही.